‘घरगुती जेवण मिळेल’ : मालवणच्या पाट्या कोणासाठी?

मालवणच्या एसटी स्टँडवरून तारकर्लीच्या रस्त्याला लागले की देवबागच्या टोकापर्यंत एक शब्द पुन्हा पुन्हा वाचावा लागतो : ‘घरगुती’. घरगुती जेवण, घरगुती मालवणी थाळी, अस्सल घरगुती चव. एका कुंपणावर तर ‘घरगुती हॉटेल’ असेही रंगवलेले मी पाहिले आहे. गेली काही वर्षे मी या पाट्यांचे फोटो आणि जुनी मेनूकार्डे जमवतो आहे. पत्र्याची एक पेटी भरली, तेव्हा घरातून विचारणा झाली की या रद्दीचे पुढे काय करणार. हा लेख म्हणजे त्या विचारणेला दिलेले उत्तर समजावे.

माझा प्रश्न साधा आहे. मालवण, कुडाळ, कणकवली, वेंगुर्ले इथले लोक स्वतः बाहेर जेवायला जातात, तेव्हा या पाट्यांखाली किती जण बसतात? रविवारी संध्याकाळी कुडाळच्या कोणत्याही बऱ्या हॉटेलात जाऊन बघा. एका टेबलावर कोल्हापूर किंवा पुण्याहून आलेले कुटुंब सुरमई थाळीचा फोटो काढत असते. शेजारच्या टेबलावर पिंगुळीचे किंवा कट्ट्याचे कुटुंब असते. पोराचा वाढदिवस, नाहीतर मुंबईहून भाऊ आलेला. त्यांच्यासमोर गोबी मंच्युरियन, पनीरची कुठलीशी तांबडी भाजी, बटर रोटी आणि बिर्याणी. आजी असलीच तर तिच्यापुढे मसाला डोसा. माशाचा मागमूस नाही.

यावर आपल्याकडचे खाद्यलेखन दोन सुरांत बोलते. पहिला कौतुकाचा : मालवणात गेलो, अमुक मावशींच्या हातची थाळी खाल्ली, आईची आठवण झाली. दुसरा हळहळीचा : मालवणी माणूसच मालवणी जेवण विसरला, चायनीजच्या गाड्यांनी कोकण गिळले. दोन्ही सूर मला खोटे वाटतात, कारण दोन्हींमध्ये जेवणाऱ्याचे तोंड दिसते, रांधणारीचा हात दिसत नाही. पनीर मागवणारे ते कुटुंब काही विसरलेले नाही. दुपारीच त्यांच्या घरी बांगड्याचे तिखले झालेले असते आणि ते करणारी बाईही त्याच टेबलावर बसलेली असते.

‘खाणावळ’ या शब्दापासून सुरुवात करू. पाट्यांवर तो ‘खानावळ’ असा लिहिला जातो. त्यातला ‘आवळ’ हा प्रत्यय मोबदल्याचा आहे. धुणावळ म्हणजे धुण्याचे पैसे, दळणावळ म्हणजे दळण्याचे. त्या न्यायाने खाणावळ म्हणजे आधी खाण्याचे पैसे, आणि मग ते पैसे देऊन जिथे जेवायचे ती जागा. शब्दाच्या पोटातच व्यवहार आहे. ‘घरगुती’ हा शब्द पुढे त्याला जोडला गेला आणि त्याने तो व्यवहार झाकून टाकला.

हा जोड बहुधा मालवणात झालाच नाही. तो झाला लालबाग-परळच्या चाळींत. कोकणातून गिरण्यांत गेलेला गडी कुटुंब गावी ठेवून एका खोलीत दहा-पंधरा जणांबरोबर राहायचा आणि शेजारच्या खोलीतल्या बाईकडे महिन्याच्या बोलीवर जेवायचा. जेवणाऱ्यांना ‘मेंबर’ म्हणत. बाई वाण्याकडून उधारीवर किंवा व्याजाने सामान आणायची, मेंबर पगाराला पैसे द्यायचे, मधले दिवस तिचे तिने काढायचे. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. स्वयंपाक हाही धंदा आहे आणि त्याला भांडवल लागते, ही गोष्ट तेव्हा बँकेला समजावून सांगावी लागली. आजही पाटी वाचणाऱ्याला ती कळते असे मला वाटत नाही.

माझी एक मावशी या बायकांपैकी होती. लहानपणी मे महिन्यात तिच्याकडे गेलो की पहाटेपासून स्टोव्हचा आवाज. मेंबर उठून गेले की ताटे घासायची, मग दुसऱ्या पाळीचे मेंबर. ती स्वतः कधी जेवायची, हे मी त्या वयात पाहिलेच नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, मेंबर गावी परतू लागले, आणि तिच्या वहीतली बरीच उधारी वहीतच राहिली. पुढे तिला ‘तुझ्या हातची चव काही औरच’ असे कोणी म्हटले की ती गप्प बसायची.

‘मालवणी’ हे नावही बरेचसे मुंबईनेच रूढ केले. वेंगुर्ल्याची किंवा सावंतवाडीची बाई आपल्या कढीला मालवणी म्हणत नसे. ती फक्त कढी होती. मुंबईत मात्र घाटी, गोवन, कारवारी यांच्या रांगेत एक नाव लागले. १९८० मध्ये ‘वस्त्रहरण’ रंगमंचावर आले आणि मच्छिंद्र कांबळींनी मालवणी बोलीला शहरी प्रेक्षकांपुढे ताठ उभे केले. त्याच सुमारास मालवणी जेवणालाही मुंबईत पाट्या मिळू लागल्या. पुढे १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, आणि मुंबईत तयार झालेली थाळी उलट्या वाटेने गावात आली. माणसे गेली होती पेज खाऊन. परत आली ती ‘मालवणी थाळी’.

आता ही थाळी जरा बारकाईने वाचू. तळलेला मासा, वाटीत कढी, वाटीत सुके, सोलकढी, भात, दोन चपात्या किंवा भाकरी, कांदा-लिंबू. भात बहुतेक ठिकाणी पांढरा आणि सडसडीत. घरात ज्या उकड्या तांदळावर ही कढी ओतली जाते तो भात पाहुण्याला जाडा वाटतो म्हणून गायब. काळ्या वाटाण्याचे सांबार शाकाहारी थाळीत ढकललेले. वडे मात्र बारमाही. घरी ते सणाला किंवा जावई-पाहुण्याला होत.

सर्वांत मोठी काटछाट माशांत झाली आहे. माझ्या पेटीतली मेनूकार्डे एकमेकांसारखीच दिसतात : सुरमई, पापलेट, बांगडा, कोळंबी. पुढे कुठे हलवा, कुठे तिसऱ्या, कुठे कुर्ल्या. किमतीच्या जागी अनेकदा ‘एपीएस’ ही तीन अक्षरे असतात. म्हणजे माशाच्या आकारानुसार भाव. या यादीत पेडवे नाहीत, तारले नाहीत, सौंदाळे नाहीत, मुडदुशे क्वचित, कर्ली जवळजवळ नाहीच. कारण उघड आहे. कर्लीला काटे फार. पेडवे खायचे तर बोटांना आणि जिभेला लहानपणापासूनची सवय हवी, आणि वेळही हवा. परगावच्या माणसाच्या घशात काटा अडकला तर हॉटेलवाला कशाला धोका पत्करेल? शिवाय थाळीला सारखेपणा लागतो. चार टेबलांवर चार थाळ्या गेल्या की चारही तुकड्या एकाच मापाच्या हव्यात. सुरमईची आडवी कापलेली तुकडी या कामाला सोयीची आहे. पेडव्यांचा वाटा नाही.

या जागी रापणीची आठवण येते. किनाऱ्यावरून जाळे सोडायचे, दोन्ही बाजूंनी सगळ्यांनी मिळून ओढायचे, आणि जे येईल ते वाटून घ्यायचे. रापणीत समुद्र स्वतःच्या मनाने देतो. तारले आले तर घरोघर तारले, खवळे आले तर खवळे. गाबीत वस्तीतला स्वयंपाक या अनिश्चितीवर घडलेला आहे. म्हणून तर एका घरात तिखले, आमटी, कढी, सुके अशा इतक्या तऱ्हा. थाळी नेमकी उलटी आहे. ती आधी ठरते, मासा नंतर शोधला जातो. पर्ससीनचा वाद या थाळीमुळे झाला असे मी म्हणणार नाही. तो वाद फार मोठा आहे, त्यात निर्यात आहे, डिझेल आहे, राजकारण आहे, आणि ५ फेब्रुवारी २०१६ च्या शासकीय बंधनानंतरही तो मिटलेला नाही. पण पारंपरिक मच्छीमारांच्या बाजूने तावातावाने बोलणारे आमचे मित्र टेबलावर बसले की सुरमईच मागतात, हे मी वहीत लिहून ठेवले आहे.

अपवादही आहेत. काही छोट्या खाणावळी अजून दारात काळा फळा टांगतात आणि त्यावर खडूने आजचा मासा लिहितात. फळा पुसलेला असला तर मासा संपला, घरी जा. त्या फळ्याला मी कुठल्याही रंगीत मेनूकार्डापेक्षा वरचे स्थान देतो. तिथे दुपारी बँकेतले, तहसील कचेरीतले लोक जेवताना दिसतात.

मग इथल्या माणसाचे सहकुटुंब बाहेरचे खाणे कोणते? माझ्या मते ते हॉटेलात सुरू झालेच नाही. ते जत्रेत सुरू झाले. पावसानंतर गावोगावच्या देवळांत जत्रा आणि दहीकाले सुरू होतात. रात्री दशावतार उभा राहण्याआधी सगळे घर दुकानांच्या रांगेतून फिरते. ताडपत्रीखालचे चहाचे हॉटेल, कांदाभजी, उसळ-पाव, आणि निघताना कागदात बांधलेला खाजा. तिथे कोणी ‘घरगुती’ म्हणून भजी विकत नाही. ती घरची नाही, हीच तिची गंमत. आई रात्री चूल पेटवत नाही, म्हणून ती रात्र सणाची.

शहराच्या हॉटेलात बाईला जागा मिळायला याहून जास्त वेळ लागला. जुन्या हॉटेलांतली ‘फॅमिली रूम’ आठवून बघा : लाकडी फळ्यांचा खण, दाराला मळकट पडदा. बाहेर पुरुष मोकळे बसणार, आत बायका-मुले. आज पाटीवर ‘फॅमिली रेस्टॉरंट’ लिहितात, त्यात तो पडदाच शिल्लक आहे. अर्थ एवढाच की इथे बाईमाणूस निर्धास्त बसू शकेल. आणि त्याहून जुना पडदा जातीचा. कोणाचा कप वेगळा, कोणी बाहेरच उभे राहायचे, हे आमच्या आजोबांच्या पिढीने पाहिलेले आहे. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने आणि सार्वजनिक उपाहारगृहे यांचा नाव घेऊन उल्लेख करावा लागला, तो उगाच नव्हे. ‘घरगुती’ शब्दाची मला भीती वाटते ती या कारणानेही. घर प्रत्येकाला आत घेतेच असे नाही. हॉटेलाने पैसे घेतले की ताट द्यावे लागते.

आईला मी प्रथम स्वतःच्या कमाईतून बाहेर जेवायला नेले ते कुडाळला. नवी नोकरी, खिशात पैसे, म्हणून मोठ्या ऐटीत मी बांगडा थाळी सांगायला निघालो. ती म्हणाली, “बांगडो कित्याक? तो काय घराक नाय? माका मसाला डोसो सांग.” मला तेव्हा थोडे वाईट वाटले होते. तिने डोसा सावकाश खाल्ला, चटणी पुन्हा मागितली, वेटरने आणून दिली तेव्हा त्याच्याकडे बघत राहिली. उठून कोणाला काही वाढायचे नव्हते. परतीच्या गाडीत डोशाच्या चवीबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. बोलली ती फक्त त्या वेटरबद्दल, की पोरगा किती चपळ होता.

याचा अर्थ मी खाणावळीच्या विरोधात आहे असा नाही. देवबाग-तारकर्लीत पर्यटन महामंडळाची निवास-न्याहारी योजना आल्यापासून अनेक घरांत बाईच्या हातात पैसा आला. होडीवरच्या उत्पन्नाचा भरवसा नसलेल्या घराला तो पैसा किती मोठा, हे तिथे राहूनच कळते. माझा आक्षेप ‘घरगुती’ या शब्दावर आहे. तो वाचून पाहुणा मायेची अपेक्षा करतो आणि दराची घासाघीस करतो. आईकडे जेवल्यावर बिल कसले, असा त्याचा चेहरा असतो. रात्री अकराला ‘वहिनी, दोन भाकऱ्या अजून’ अशी हाक मारायला त्याला संकोच वाटत नाही. हॉटेलात तो किचन बंद होण्याची वेळ विचारून येतो.

देवबागला अशाच एका घरी मी उतरत असे. त्या वहिनींना एकदा विचारले, तुम्ही कधी बाहेर जेवता का? पावसात, त्या म्हणाल्या. जून-जुलैत मासेमारी बंद, पर्यटक तुरळक, तेव्हा सगळे घर एक दिवस कुडाळला जाते. “आयत्या ताटार बसूक बरा वाटता, भाऊ.” त्या जुलैत योगायोगाने मीही कुडाळात होतो आणि त्यांच्या टेबलावर पाहुणा म्हणून बसलो. वेटर नवखा होता. त्याने हसत सांगितले, आज सुरमई एकदम ताजी आहे, स्पेशल थाळी देऊ का? वहिनींनी नवऱ्याकडे पाहिले, नवऱ्याने पोराकडे.

“ताजी?” वहिनी म्हणाल्या. “जुलय म्हयन्यात?”

मग त्यांनी मेनूकार्ड उलटे करून मागच्या पानावर बोट ठेवले आणि व्हेज फ्राइड राइस मागवला.