हस्तिनापुरातला दास्तानगो

गोरेगाव पूर्वेला, दिंडोशीच्या वस्तीला लागून असलेली चित्रनगरी १९७७ साली उभी राहिली. बी. आर. चोप्रा यांच्या ‘महाभारत’ मालिकेचे बरेचसे चित्रीकरण तिथलेच. १९८८ ते १९९० या काळात ९४ भागांतून ही कथा घरोघर पोहोचली आणि २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ती पुन्हा दाखवली. पटकथा-संवाद डॉ. राही मासूम रझा यांचे, हे आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

मात्र राहींचे नाव आपल्या व्यासपीठांवरून एकाच कामासाठी घेतले जाते. एकात्मतेचा विषय निघाला की मुसलमानाने महाभारत लिहिले असे सांगायचे, टाळ्या घ्यायच्या आणि पुढे जायचे. आम्हाला या कौतुकाचा कंटाळा आला आहे. कुणीतरी आपल्याकडे दाखला मागावा आणि आपण तो मुकाट्याने पुढे करावा, असा काहीसा भाव त्यात असतो. लेखक म्हणून राहींनी केले काय, हा प्रश्न बाजूलाच राहतो.

गाझीपूर जिल्ह्यातल्या गंगौलीचे राही अलीगढला शिकले आणि ‘तिलिस्म-ए-होशरुबा’वर संशोधन करून डॉक्टर झाले. अमीर हमजाच्या दास्तानीचा हा अवाढव्य भाग. जादूगार, अय्यार, क्षणात उभी राहून क्षणात विरणारी नगरे, गोष्टीच्या पोटात गोष्ट. हे पचवलेला माणूस महाभारताच्या दारात परका म्हणून उभा राहत नाही. मयसभेत जमीन समजून पाण्यात पडणारा दुर्योधन त्याने तिलिस्मात आधीच पाहिलेला असतो. तिलिस्मात शिरणे सोपे. तो तोडायला मात्र ‘लौह’ लागते, म्हणजे उकल कोरलेली पाटी. चक्रव्यूहातल्या अभिमन्यूकडे ती नव्हती, एवढेच.

‘पिताश्री’, ‘भ्राताश्री’ ही संबोधने घ्या. शुद्धतावाद्यांनी नाके मुरडली तरी ती लोकांच्या तोंडी बसली. अब्बाजान, भाईजान यांची लय ज्याच्या कानात मुरली आहे, त्यालाच नात्यापुढे असा अदबीचा शब्द जोडावासा वाटेल, असे आम्हाला वाटते.

आणि तो ‘समय’! पडद्यावर फिरणारे चक्र आणि हरीश भिमाणींचा आवाज. कथेचा निवेदक कुणी ऋषी किंवा भाट न ठेवता काळालाच बोलायला लावले, यामुळे कथा कुठल्याही एका घराण्याच्या मालकीची राहिली नाही. पण आमची तक्रारही इथेच आहे. समय फार बोलतो. दास्तानगो श्रोत्याचा श्वास अडकेल तिथे थांबतो. समय तिथेच तात्पर्य समजावू लागतो. दुर्गा भागवतांचे ‘व्यासपर्व’ (१९६२) आणि इरावती कर्व्यांचे ‘युगान्त’ (१९६७) वाचलेल्या मराठी माणसाला हा उपदेश जड जातो. दास्तानीचा जाणकार इथे दूरदर्शनच्या शिस्तीपुढे नमला, असे म्हणावे लागते.

मालिका संपली त्याच वर्षी, १९९० साली, सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्यानंतरच्या आपल्या लेखनात तलाक आला, दंगल आली, मोहल्ल्याची घुसमट आली. हमीद दलवाईंच्या ‘इंधन’ने ही वाट आधीच पाडली होती, आणि ती पाडणे गरजेचेच होते. पण श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ याच मराठीत लिहिला, तेव्हा पुराणातली भाषा आणि सूफी विचार त्यांच्या ओवीत सहज एकत्र नांदले. ती मोकळीक आपल्या कथेत दिसत नाही. वास्तववादाच्या धाकाने आपण परी आणि शहजाद्यांना घराबाहेर काढले. आपल्या वार्षिकांतल्या कथेत जिन आलाच, तर तो भोंदू मांत्रिकाचा हात धरून येतो आणि शेवटी पोलीस येऊन त्याचा निकाल लावतात. कोकणातल्या नि मराठवाड्यातल्या दादीनानींच्या गोष्टीतला जिन असा नव्हता. तो वचनाचा पक्का होता, कधी कधी उपाशी असायचा, आणि लहान मुलांना थोडासा घाबरायचासुद्धा.