पाकळ्या, पुरावे आणि आंजेलिक

डेटा खरा असूनही निष्कर्ष साफ चुकू शकतो, हे पीएचडीच्या तयारीला लागलेल्या ज्युनिअर्सना समजावताना मी हल्ली एक सिनेमा सांगते. लेतिसिया कोलोंबानी या दिग्दर्शिकेचा २००२ सालचा फ्रेंच चित्रपट, ‘आ ला फोली... पा द्यू तू’. फ्रेंच मुलं फुलाच्या पाकळ्या तोडत प्रेमाचं माप काढतात: थोडं, खूप, उत्कटपणे, वेड्यासारखं, अजिबात नाही. त्यातल्या शेवटच्या दोन पाकळ्या म्हणजे हे नाव. (पुढे कथा फुटणार आहे. सिनेमा बघायचा असेल तर आधी बघून या.)

बोर्दोमध्ये शिकणारी चित्रकार आंजेलिक फुलवाल्याकडून एक गुलाबी गुलाब लोइकला पाठवते. लोइक हृदयरोगतज्ज्ञ, विवाहित, बायको गरोदर. ओद्रे तोतूचा तो टपोऱ्या डोळ्यांचा चेहरा बघून आपण लगेच तिच्या बाजूचे होतो. २००१ च्या ‘अमेली’मुळे प्रेक्षक त्या चेहऱ्यावर आधीच भाळलेले होते, आणि दिग्दर्शिकेने त्याचा पुरेपूर फायदा उठवलाय. मग लोइक विमानतळावर येत नाही, ती खचते, आणि आपण म्हणतो, काय हलकट माणूस आहे!

मध्यावर चित्रपट सरळ उलटा फिरतो आणि तीच गोष्ट लोइकच्या बाजूने सुरू होते. तो तिला जेमतेम ओळखतो. गुलाब बायकोनेच पाठवला असं तो धरून चालतो. विनोद इथे काळा होतो. मघाशी गोड वाटलेली प्रत्येक गोष्ट आता अंगावर येते.

आता पहिला भाग पुन्हा बघा. त्यात दिग्दर्शिका जवळजवळ काहीच खोटं दाखवत नाही. गुलाब खरा, वाट पाहणं खरं, रडणं खरं. फक्त लोइकचा प्रतिसाद चौकटीबाहेर ठेवलाय आणि ती रिकामी जागा आपण स्वतःच भरून टाकतो. मुलाखतींचे उतारे हातात घेऊन ‘थीम’ शोधणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. उताऱ्यात काय आहे ते आपण दहादा वाचतो, पण समोरच्याने काय उत्तर दिलं असेल हे विचारायचं राहूनच जातं.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो तो तिचा मित्र डेव्हिड. तिच्यावर त्याचं प्रेम आहे आणि तो तिला विरोधही करतो. पण त्याचा मुद्दा काय, तर हा माणूस बायकोला सोडणार नाही. म्हणजे तो निष्कर्षावर भांडतो आणि पुरावा मात्र मुकाट्याने मान्य करतो. मुळात असं काही नातं आहे का, हा प्रश्न त्याच्या डोक्यातच येत नाही. सेमिनारमध्ये असे आक्षेप भरपूर ऐकायला मिळतात.

उत्तरार्ध म्हणजे अंतिम सत्य, असंही समजू नका. लोइकसुद्धा चुकीचाच अंदाज बांधतो. त्याचा संशय एका पेशंटवर जातो आणि त्याची किंमत तिला मोजावी लागते. चित्रपटाची ही बाजू मला पहिल्या युक्तीपेक्षा जास्त मोलाची वाटते.

शेवटाकडे मात्र तो थोडा आळसावतो. एरोटोमेनिया, म्हणजे समोरचा माणूस आपल्यावर प्रेम करतो अशी पक्की भ्रांती. फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ क्लेरांबो यांचं नाव या विकाराला चिकटलेलं आहे. निदान झालं की आपण सुटलो! आजारी ती, आपण शहाणे. पण पाऊण तास आपणही तिच्याच पुराव्यावर विश्वास ठेवून बसलो होतो, त्याचं काय?

आणि राशेल? लोइकची बायको. आंजेलिक तिला गाडीने धडक देते, तिचं मूल जातं. दोन्ही भागांत ही घटना कथानक पुढे ढकलण्यापुरती येते. गोष्ट दोनदा सांगून झाली, पण जिचं सगळ्यात जास्त नुकसान झालं तिच्या नजरेतून एकदाही नाही. इझाबेल कारेने ही भूमिका इतकी शांतपणे केलीय की तिसऱ्यांदा रीळ मागे फिरवून तिच्यापासून सुरुवात करावीशी वाटते.