एका शब्दाचा कलह

‘गॉड ऑफ कार्नेज’ ह्या नावाने परिचित असलेल्या यास्मिना रेझा यांच्या फ्रेंच सुखात्मिकेत (प्रथम प्रयोग झ्यूरिक, २००६) मुलांच्या मारामारीचा समेट करावयास जमलेली दोन दांपत्ये स्वतःच भांडू लागतात. कलहाचे बीज आरंभीच्या निवेदनातच आहे. काठी घेतलेल्या मुलास ‘सशस्त्र’ म्हटलेले त्याच्या वकील पित्यास खटकते आणि तेथे सौम्य शब्द योजला जातो. हौशी नटांस उत्तरार्धातील आरडाओरडीचा मोह पडतो. परंतु हा शब्दबदल घाईने उरकल्यास पुढील गोंगाट निष्कारण ठरतो. शब्द मागे घेतला जातो, आरोप मात्र राहतो. हा भेद उच्चारातून व विरामातून प्रकट करणे, हीच अशा प्रयोगाची खरी कसोटी होय.