जीर्णोद्धार आणि रंग

जुन्या वस्तूचा जीर्णोद्धार म्हणजे केवळ डागडुजी नव्हे. त्या वस्तूच्या अनेक आयुष्यांपैकी कोणते जगापुढे मांडावयाचे, याचा तो निवाडाच असतो. परभणीकर वाचकांस हे निराळे सांगावयास नको. जिंतूर तालुक्यातील चारठाण्याची प्राचीन मंदिरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांस दगडाचा मूळ वर्ण किती बोलका असतो हे ठाऊक आहे. जुन्या देवळावर भक्तिभावाने तैलरंगाचे पुट चढले, की भिंत उजळते आणि शिल्पी बुजतो, हेही आपण गावोगावी पाहतो. हाच न्याय एका युद्धकालीन विमानास लावून पाहावा, असा आमचा मानस आहे.

अमेरिकेतील कॉलिंग्ज फाउंडेशन या संस्थेने पूर्वस्थितीस आणलेले ‘बी-२४ लिबरेटर’ जातीचे बॉम्बफेकी विमान अनेक वर्षे शहरोशहरी नेऊन लोकांस दाखविले जात असे. प्रेक्षक आत शिरत, फिरून पाहत आणि छायाचित्रे घेत. त्या छायाचित्रांतील कित्येकांचे गुण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजेत. बॉम्बच्या कोठारातून जाणारी वीतभर रुंदीची पायवाट आणि बंदुकीसाठी ठेवलेली उघडी खिडकी पाहिली, म्हणजे दहा माणसांनी हाडे गोठविणाऱ्या थंडीत तासन् तास कसे काढले असतील, याची कल्पना शब्दांवाचून येते.

परंतु बाहेरून काढलेल्या चित्रांविषयी आम्हांस असे म्हणवत नाही. त्यांत विमानाच्या नाकावरील रंगीत नावासच सारा मान मिळालेला असतो, आणि ते नाव मुळी या विमानाचे नव्हे. हे विमान १९४४ साली फोर्ट वर्थ येथे तयार होऊन ब्रिटिश वायुदलाकडे गेले. युद्ध संपताच ब्रिटिशांनी अशी अनेक विमाने निकामी करून कानपुरास टाकून दिली. १९४८ मध्ये बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याने त्या भंगारातून चाळिसाच्या आसपास विमाने उडती करण्याचे काम हाती घेतले. जुजबी दुरुस्ती केलेली ती विमाने बंगळुरास नेण्याचे जोखमीचे काम जमशेद मुन्शी या वैमानिकाने पार पाडले. त्याच वर्षी नोव्हेंबरात भारतीय वायुदलाची पाचवी तुकडी या विमानांवर उभी राहिली, आणि पुढे सहाव्या तुकडीने ती सागरी टेहळणीस वापरली. १९६८ पर्यंत त्यांची सेवा चालू होती.

अमेरिकेने अठरा हजारांहून अधिक लिबरेटरे बांधली, आणि युद्धानंतर बहुतेक सारी भंगारात काढली. प्रस्तुत विमान वाचले ते भारतीय कारागिरांच्या हातांमुळे. असे असता १९८९ पासून त्यावर ‘ऑल अमेरिकन’, मग ‘ड्रॅगन अँड हिज टेल’ आणि २००५ पासून ‘विचक्राफ्ट’, अशी तीन परकी नावे क्रमाने चढली. खऱ्या ‘विचक्राफ्ट’ने १३० मोहिमा केल्या. त्यांपैकी एकीवरही हे विमान गेले नव्हते. ज्या आयुष्याने ते तारले, तेच रंगाखाली गेले!

यावर असे म्हणता येईल, की जे परतले नाहीत त्यांच्या स्मरणार्थ उरलेल्या एकाने त्यांचा वेश घेतला, तर बिघडले काय? हा युक्तिवाद हलका नाही. पुत्र गमावलेल्या देशाने अशा वस्तूत आपली माणसे शोधावी, हे स्वाभाविकच आहे. रंगाबद्दल म्हणूनच आमची तक्रार मर्यादित आहे. तक्रार आहे ती छायाचित्रकाराविषयी. नट दुसऱ्याची भूमिका घेतो, परंतु चरित्रकाराने नटाचे चरित्र लिहिताना भूमिकेचे लिहून कसे चालेल? दिल्लीस पालमच्या वायुदल संग्रहालयात याच जातीचे एक विमान भारतीय चिन्हांसह उभे आहे. त्याच्या नाकावर मन वेधणारे चित्र नाही, म्हणून त्याकडे कॅमेरे कमी वळतात. आमच्या मते तेथेच खरा विषय आहे. चित्राखाली दोन ओळींत कानपूर आणि बंगळूर यांचा उल्लेख आला, तरी पुष्कळ साधेल. कॅमेरा समोरचा रंग टिपतो. रंगाखाली काय आहे, हे विचारण्याचे काम तो हाती धरणाऱ्याचे आहे.