मालेगावचे हसू

मालेगावचे नाव वर्तमानपत्रांत येते ते बहुधा दंगलीच्या किंवा स्फोटाच्या बातमीत. ८ सप्टेंबर २००६ च्या बॉम्बस्फोटांनंतर तर यंत्रमागांच्या या गावाची तीच ओळख होऊन बसली. फैजा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (२००८) हा माहितीपट मात्र आपल्याला याच गावाचे हसू दाखवतो.

आठवडाभर मागावर राबणारा इथला कामगार शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी सिनेमाकडे वळतो. हा प्रेक्षक ओळखून व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' काढला. त्यात डाकू घोड्यांऐवजी सायकलींवरून येतात. पुढे त्यांनी 'मालेगाव का सुपरमॅन' हाती घेतला. त्याच्या निर्मितीची कथा म्हणजे हा माहितीपट. नायक शफीक हा मागावरचा काटकुळा कामगार. चित्रीकरण चालू असतानाच त्याचे लग्न होते, मध्येच कॅमेरा पाण्यात पडतो, तरी काम थांबत नाही.

हा माहितीपट महोत्सवांतून गाजला. पण बाहेरचा प्रेक्षक हसतो तेव्हा त्या हसण्यात थोडी कीवही असते. 'बिचारे, किती साधनहीन!' असे त्याला वाटते. मालेगावचा प्रेक्षक वेगळे हसतो. पडद्यावरचा सुपरमॅन त्याच्या शेजारच्या मागावरचा असतो, बोली त्याची स्वतःची असते. मुंबईच्या सिनेमाची ही टिंगल त्याच्या मालकीची आहे. गरिबाने श्रीमंताच्या स्वप्नाला दिलेले ते उत्तर आहे, हे कीव करणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

परंतु कौतुकाच्या भरात एक गोष्ट नजरेआड करता येणार नाही. या सिनेमांसाठी नायिका गावाबाहेरून आणावी लागते. गावातली मुलगी कॅमेऱ्यासमोर उभी राहू शकत नाही. हे सारे टिपणारी दिग्दर्शिका मात्र एक मुस्लिम स्त्रीच आहे! मग मालेगावच्या लेकीबाळींनी आपली स्वप्ने कुठे पाहायची? हा प्रश्न बाहेरच्यांनी विचारण्याआधी आपण विचारायला हवा.

२०१२ साली माहितीपट चित्रपटगृहांत लागला तेव्हा शफीक हयात नव्हता. आदल्याच वर्षी कर्करोगाने तो गेला. २०२५ मध्ये रीमा कागती यांच्या 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव'मुळे ही कथा घरोघरी पोचली. तिथे मालेगावकरांच्या भूमिका मुंबईचे नट करतात. म्हणूनच मूळ माहितीपट जरूर पाहावा. त्यात खरा शफीक आहे, आणि त्याला कुणाचीही कीव नको आहे.