गर्टीचा श्वास

‘गर्टी द डायनोसॉर’ हा विन्सर मॅके या अमेरिकन व्यंगचित्रकाराचा १९१४ सालचा मूकपट. आधी मॅके रंगमंचावर उभा राहून हुकूम सोडी आणि पडद्यावरची गर्टी ते पाळी. रागावले की रडे, तहान लागली की सगळे तळे पिऊन टाकी. कथा एवढीच! चित्रपटगृहांसाठी मागाहून जोडलेला पैजेचा भाग तर रटाळच आहे. (वर्गात दाखवताना गाळलात तरी चालेल.) खरी मजा आहे ती गर्टीच्या श्वासात. ती नुसती उभी असली तरी तिचे अंग हलत राहते. त्यासाठी मॅकेने स्वतःचा श्वास मोजून पाहिला होता.

पारदर्शक सेल्युलॉइडची पद्धत तेव्हा रूढ झालेली नव्हती. त्यामुळे हजारो कागदांवर गर्टीबरोबर मागचे खडकही पुनःपुन्हा काढावे लागले. ते काम जॉन फिट्झसिमन्स या मदतनिसाचे. रेघ केसभर सरकली, की पडद्यावर खडक थरथरतो. चित्रपटाचा हा दोष संग्राहकांच्या मात्र पथ्यावर पडला. पुढच्या काळातल्या सेलवर बहुधा नुसते पात्र असते. इथे प्रत्येक कागद म्हणजे पुरे चित्र! त्यांतले सुमारे ४०० च उरल्याचे सांगतात, म्हणून मोलही मोठे.

तरीही चौकटीतला एकटा कागद मला अपुरा वाटतो. श्वास एका चित्रात नसतो, लागोपाठच्या चित्रांमधल्या फरकात असतो. वहीच्या कोपऱ्यांवर वीसेक पाने फुगणारे-बसणारे पोट काढा आणि पाने भरभर सोडा. मग त्यातले एकच पान भिंतीवर लावून मुलांना विचारा, श्वास कुठे गेला?