पाप कोणाचे, बळी कोणाचा: सरंजामी काळातील भुतेखेते आणि मराठी अॅनिमेशन

जपानी अॅनिमेशनने, म्हणजे जगभर ‘अॅनिमे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्रपटांनी व मालिकांनी, सरंजामी काळातील लोककथांचा जो उपयोग करून घेतला आहे त्याचे मर्म भुतांच्या भयानकपणात नसून त्या भुतांना जन्म देणाऱ्या माणसांची झडती घेण्यात आहे. ओसामु तेझुका यांच्या 1967 साली सुरू झालेल्या ‘दोरोरो’ या चित्रकथेत दाइगो नावाचा सरदार सत्तेच्या लोभाने पोटच्या पोराचे अवयव राक्षसांना देऊन टाकतो. तिच्यावर आधारलेल्या 2019 च्या मालिकेत याच सौद्यामुळे मुलूख दुष्काळातून सावरतो, आणि वाढलेला मुलगा एकेक राक्षस मारून आपले अवयव परत मिळवू लागतो तसतशी रयतेवर पुन्हा अवकळा येते. एका पोराच्या देहाच्या मोलाने पिकलेले धान्य खाणारी रयत निर्दोष म्हणावी काय, हा प्रश्न मालिका सोपा होऊ देत नाही, आणि तेच तिचे मोठेपण आहे.

सातारा-सांगलीकडच्या वाचकाला ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही. नव्या तळ्याला वा विहिरीला पाणी लागेना म्हणून गावच्या पाटलाने घरातली सून जळदेवतांना दिली, अशी कथा महाराष्ट्रात ठिकठिकाणी सांगतात. सांगलीच्या सीमेला लागून असलेल्या कर्नाटकातील ‘केरेगे हार’ हे कथागीतही याच जातीचे असून त्यात धाकटी सून भागीरथी तळ्यात उतरते आणि पाणी तिच्या पायांपासून वर चढत जाते. या कथांत सासरा स्वतःचा जीव देत नाही, मुलाचाही देत नाही. परक्या घरातून आलेल्या मुलीचा देतो, आणि त्या पाण्यावर सारे गाव जगते. सरंजामी व्यवस्थेची याहून नेमकी चिकित्सा क्वचितच कुठे सापडेल.

मराठी कलेने मात्र या सामग्रीकडे जवळजवळ पाठच फिरवली आहे. विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले; त्या परंपरेतील राक्षस तोंडाला रंग फासून, तलवार परजत, आरडाओरडा करीत रंगमंचावर येई तो देवाच्या हातून मरण्यासाठीच, त्याच्या राक्षसपणाला मानवी कारण नसे आणि पौराणिक नाटकाला त्याची गरजही नसे. पुढे व्ही. जी. सामंत यांचा हिंदी ‘हनुमान’ (2005) देवाकडे वळला आणि ‘प्रभो शिवाजी राजा’ (2018) हा मराठी अॅनिमेशनपट राजाकडे. देव आणि राजा यांच्या मधल्या जागेत राहणारा मुंजा, म्हणजे मुंज होऊन लग्नाआधी मेलेला मुलगा, किंवा हडळ, म्हणजे बाळंतपणात दगावलेली बाई, यांच्याकडे दयेने पाहणारे अॅनिमेशन मराठीत रुजलेच नाही. भयकथांनी हडळीचे उलटे पाय तेवढे पाहिले. तिला त्या अवस्थेला कोणाच्या हेळसांडीने नेले, हे विचारले नाही.

राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (2018) हा हिंदीत असला आणि अॅनिमेशन नसला तरी या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जातो. कोकणातल्या वाड्याखाली कोंडलेला हस्तर हा राक्षस सोन्याचा धनी असूनही अन्नाला पारखा आहे. वाड्याच्या घराण्यातला विनायक पिठाची बाहुली घेऊन खाली उतरतो, हस्तर तिच्यावर तुटून पडताच त्याच्या लंगोटीतल्या मोहरा ओरबाडतो, आणि भुकेला कोण, राक्षस की माणूस, हे त्या एका हालचालीत दिसून येते. तरीही लोभाचा हा हिशेब एका घराण्यापुरताच राहतो. ज्यांच्या कष्टांवर असे वाडे उभे राहिले ती कुळे चौकटीबाहेरच राहतात. ‘दोरोरो’ नेमकी तिथे पुढे आहे.

हायाओ मियाझाकी यांच्या ‘प्रिन्सेस मोनोनोके’ (1997) या चित्रपटात लोखंडी गोळीने घायाळ झालेला रानडुकरांचा देव शाप होऊन धावत सुटतो, पण गोळी झाडणारी गावप्रमुख एबोशी कुष्ठरोग्यांना आणि विकल्या गेलेल्या बायकांना आसराही देते. त्यातील अरण्यासाठी चित्रकारांनी याकुशिमा बेटावरचे जंगल प्रत्यक्ष पाहिले होते. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात असे पाहण्याजोगे पुष्कळ आहे: दातेगडावरची कातळात खोदलेली तलवारीच्या आकाराची विहीर, कोयनेचे रान, सह्याद्रीतील देवराया, म्हणजे देवाच्या नावाने राखलेली आणि कोपाच्या धाकाने कुऱ्हाडीपासून वाचलेली झाडी, आणि कोयना धरणाच्या शिवसागरात बुडालेली गावे, जिथून माणसांबरोबर ग्रामदैवतांनाही उठावे लागले. वीज अनेकांना मिळाली आणि जमीन काहींची गेली, हा एबोशीच्या गावासारखाच अवघड पेच या खोऱ्यात खरोखर घडलेला आहे.

अंधश्रद्धा निर्मूलनाची चळवळ चालवणाऱ्या नरेंद्र दाभोलकर यांच्या साताऱ्यात भुतांच्या कथा चितारणे म्हणजे अंधश्रद्धेला खतपाणी घालणे, असा आक्षेप येऊ शकतो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. परंतु 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा रोख भुताच्या नावाने होणाऱ्या शोषणावर आहे, कथेवर नाही. आणि जळदेवतेने बळी मागितल्याचे सांगणारा पाटील, तो शब्द निमूट मानणारा गाव आणि तळ्याकडे निघालेली सून या तिघांना एका चौकटीत आणणारा चित्रकार त्याच शोषणाचा पंचनामा करीत असेल.